मिरजेची बीन, इस्तंबूलचा ऊद

१९३४ च्या नोव्हेंबरात तुर्कस्तानच्या रेडिओवरून तुर्की संगीत गायब झालं. मुस्तफा कमाल अतातुर्क यांनी संसदेत भाषण केलं, देशाच्या संगीताला नवं वळण हवं असं त्यात म्हटलं आणि अधिकाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला तो थेट बंदीचा. पुढचे वीसेक महिने अंकारा आणि इस्तंबूल केंद्रांवरून पाश्चात्त्य धाटणीचं संगीत वाजत राहिलं. लोकांनी रेडिओची चकती फिरवून कैरो लावलं आणि अरबी गाण्यांवर आपली तहान भागवली.

यानंतर सहा वर्षांच्या आत आपल्याकडेही एक बंदी आली. १९४० च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने पेटी म्हणजे हार्मोनियम केंद्राबाहेर काढली. ती बंदी तीसेक वर्षं टिकली. दोन्ही निर्णयांच्या मुळाशी एकच प्रश्न होता, पण उत्तरं अगदी उलटी होती. तुर्की सुधारकांना आपलं संगीत जुनाट वाटत होतं. त्यातले पाव-पाव स्वर, सूक्ष्म चढउतार, एकसुरी चाल हे सारं पियानोच्या जगात बसत नव्हतं. आपल्या रेडिओवाल्यांचा आक्षेप असा, की पियानोच्याच कुळातल्या पेटीत श्रुती म्हणजे सूक्ष्म स्वर नाहीत, मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर ओढत जाणं नाही, म्हणून ती आपल्या संगीताला मारक आहे. एका देशाने सूक्ष्म स्वर हाकलले, दुसऱ्याने ते नसलेलं वाद्य हाकललं.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात पेटीच्या बंदीने काही बिघडलं नाही. गावात अखंड हरिनाम सप्ताह लागला, की टाळ, पखवाज आणि पेटी ही तिन्ही हवीतच. बुवांची पट्टी काळी चार की पांढरी पाच, हे पेटीवर बोट ठेवूनच ठरतं. त्या पेटीच्या बारा पट्ट्यांबाहेर जो स्वर आहे तो नेमका कुठे असतो, हे समजून घ्यायला मात्र जुन्या तबकड्यांकडे जावं लागतं. मिरजेचे अब्दुल करीम खाँ आणि इस्तंबूलचे उदी ह्रांत या दोघांच्या तबकड्या तर शेजारी-शेजारी ठेवून ऐकाव्यात अशा आहेत.

ह्रांत केंकुलियन यांचा जन्म १९०१ चा, इस्तंबूलजवळच्या अडापझारीचा. आर्मेनियन कुटुंब, मुलगा जन्मांध. १९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांची हद्दपारी आणि कत्तल सुरू झाली, तेव्हा हे कुटुंब कोन्याकडे गेलं. पुढे ते इस्तंबूलला आलं. डोळ्यांवर उपचार झाले, पण दृष्टी आली नाही. ह्रांत वाद्यं विकत, शिकवण्या करत, रात्री गाण्याच्या अड्ड्यांवर वाजवत. ‘उदी’ म्हणजे ऊद वाजवणारा. आपल्याकडे ‘बीनकार’ ही उपाधी नावाला चिकटते, तशीच ती त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

ऊद हे लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून केलेल्या फुगीर पोटाचं वाद्य. मान आखूड, खुंट्यांचा भाग मागे वळलेला. पाच जोडतारा आणि एक सुटी, अशा बहुधा अकरा तारा. त्याला पडदे नाहीत. सतारीवर बोट पडद्याला टेकतं, पेटीवर पट्टीला. उदावर ते गुळगुळीत लाकडावर पडतं आणि स्वर कुठे उभा करायचा ते सर्वस्वी वादकाच्या कानावर असतं. ह्रांत यांनी या वाद्यावर नवी कामं केली. नखी खाली-वर दोन्ही दिशांनी चालवणं, डाव्या हाताच्या बोटांनीच तार छेडणं, दोन तारांवर एकदम स्वर घेणं, तारा वेगळ्या पद्धतीने मिळवणं. त्यांच्या तबकड्या इस्तंबूलमध्ये निघाल्या. १९५० मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथेही डोळ्यांना गुण आला नाही; मात्र न्यूयॉर्क, बोस्टन, डेट्रॉइट, फ्रेस्नो अशा आर्मेनियन वस्ती असलेल्या शहरांत मैफली झाल्या आणि तिथे ध्वनिमुद्रणंही झाली. १९७८ मध्ये ते इस्तंबूलमध्ये वारले. जुन्या तबकड्यांवरून त्यांचं वादन १९९० च्या दशकात सीडीवर आलं, तेही एका आर्मेनियन-अमेरिकन संगीतकाराच्या खटपटीमुळे.

त्यांचं ‘तक्सिम’ ऐकताना मराठी कानाला परकेपणा फार वेळ वाटत नाही. तक्सिम म्हणजे ठेक्याशिवायचा विस्तार, जवळपास आपला आलाप. हिजाज नावाच्या मकामात, म्हणजे तिकडच्या रागात, षड्जाजवळचा कोमल ऋषभ आणि त्यावरचा चढा गंधार ऐकला की भैरवचा पूर्वांग आठवतो. मात्र गंधारावर बोट थांबतं तेव्हा तो आपल्या पेटीतला गंधार नसतो. पेटीशी मिळवू पाहिलं तर हा स्वर दोन पट्ट्यांच्या मधल्या सांध्यात सापडेल.

आता मिरज.

अब्दुल करीम खाँ १८७२ मध्ये उत्तरेतल्या कैराना गावी जन्मले, पण त्यांचं गाणं वाढलं ते बडोदा, मिरज, पुणे, बेळगाव, धारवाड या टापूत. मिरजेत ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यावर चिंचेच्या झाडाखाली ते दरवर्षी हजेरी लावत. १९३७ च्या ऑक्टोबरात पुद्दुचेरीला जाताना रेल्वेप्रवासात त्यांची प्रकृती बिघडली आणि सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. दफन मिरजेत झालं. त्या दर्ग्याच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा आजही मिरजेचं वैभव आहे. हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने आणि सरस्वती राणे ही त्यांची मुलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. भीमसेन जोशी त्या शिष्याचे शिष्य. लहानपणी खाँसाहेबांची तबकडी कानावर पडली आणि आपण गाण्याच्या शोधात घर सोडलं, असं भीमसेन जोशी सांगत.

गायक म्हणून खाँसाहेब सर्वांना माहीत आहेत. ते बीन म्हणजे रुद्रवीणाही वाजवत हे कमी लोकांना माहीत असतं. सारंगी, सतार, तबला या सगळ्यांवर त्यांचा हात फिरलेला होता. तंबोरा स्वतः दुरुस्त करत, तारेला झंकार देणारी जवारी स्वतः लावत. आणि त्यांच्या बीनवादनाची मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडीही निघाली होती. मोठा गवई बीन घेऊन ध्वनिमुद्रण करतो ही गोष्ट दुर्मीळच. त्यांच्या गळ्याचं कोडं उलगडायला ही तबकडी मदत करते, कारण गाताना त्यांचा स्वर तारेवरून ओढल्यासारखा लांबतो आणि बीनवर तीच ओढ प्रत्यक्ष तारेतून ऐकू येते.

त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे दोन काळ आहेत. पहिल्या तबकड्या १९०४-०५ च्या, ऐन बत्तिशी-तेहतिशीतल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाने पडदा थरथरायचा आणि सुई मेणाच्या चकतीवर रेघ कोरायची. चकती जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथे तबकड्या छापल्या जायच्या. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. याच पद्धतीने १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनी गायलं होतं. त्यांचे वडील आर्मेनियन वंशाचे होते, हा योगायोग या लेखापुरता सांगण्याजोगा आहे. गाणं संपताच गौहर जान इंग्रजीत आपलं नाव मोठ्याने उच्चारत. हॅनोव्हरच्या कारागिरांना ना भाषा कळत होती ना गायिका माहीत होती. तबकडीवर नावाची चिठ्ठी बरोबर चिकटावी म्हणून ही युक्ती.

दुसरा काळ १९३० च्या दशकाच्या मध्याचा, ‘ओडियन’ छापाच्या तबकड्यांचा. मध्ये जवळजवळ तीस वर्षं गेली होती. मायक्रोफोन आला होता, गळा पिकला होता. मालकंस, मारवा, ललित, बसंत, गुजरी तोडी; जोगिया, तिलंग, गारा, भैरवी; कर्नाटक संगीतातल्या खरहरप्रियेत त्यागराजांची कृती; शिवाय मराठी नाट्यपदंही. जेमतेम तीन मिनिटांची एक बाजू. म्हैसूर दरबारी वावरलेल्या माणसाने दक्षिणेची सरगम आपल्या गाण्यात अशी मुरवली, की ती उसनी वाटत नाही.

जोगियाची तबकडी नीट ऐकावी. सुरुवातीला खरखर, मग तंबोरा, मग आवाज. आवाज तंबोऱ्यातून निघाल्यासारखा येतो आणि कोमल ऋषभावर थांबतो. तो ऋषभ स्थिर नसतो. षड्जाकडे झुकतो, परत वर येतो, पुन्हा झुकतो. पेटीवर हीच जागा वाजवली तर एक पट्टी दाबून सोडल्यासारखी ऐकू येते. खाँसाहेबांकडे त्या एका स्वराच्या आत प्रवास आहे.

या प्रवासाचा नकाशा काढायचा प्रयत्न त्यांच्या हयातीतच झाला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. ग्रंथांत सांगितलेल्या बावीस श्रुती गळ्यात खरोखर सापडतात का, हे मोजून दाखवायचा त्यांना ध्यास होता. मोजायला गळा हवा, तो अब्दुल करीम खाँचा मिळाला. १९१० मध्ये देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्यांना जोड मिळाली अर्नेस्ट क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याची. त्यांनी बावीस श्रुतींची खास पेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या पेटीवरून कडाक्याचा वाद झाला. संगीतशास्त्रकार भातखंडे यांच्या बाजूच्या लोकांना हे मोजमाप पटलं नाही, गवयांना पेटीवरच्या श्रुती आपल्या वाटल्या नाहीत. ती पेटी चालली नाही.

वादाचा गाभा समजायला एकच आकडा पुरे. आजच्या पेटीत अर्ध्या स्वराचे शंभर भाग धरले, तर षड्जापासून शुद्ध गंधार ४०० भागांवर बसवलेला असतो. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्याचा खर्ज छेडल्यावर त्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो सुमारे ३८६ वर असतो. फरक १४ भागांचा. एवढ्याशा फरकाने काय होतं? तंबोऱ्याशेजारी बसून पेटीचा गंधार दाबून धरला की दोन स्वर एकमेकांवर घासल्यासारखी थरथर होते. गळ्याने गंधार तंबोऱ्यात मिळवला की ती थांबते. भजनी मंडळातल्या ज्या बुवाला पेटी मधेच ‘टोचते’, त्याचा कान बरोबर सांगत असतो.

तुर्कस्तानात त्याच काळात असाच नकाशा काढला जात होता. रऊफ येक्ता, सुप्ही एझगी आणि सादेद्दीन अरेल या अभ्यासकांनी सप्तकाचे ५३ सूक्ष्म भाग कल्पून त्यांवर २४ स्वरस्थानं बसवली. ती पद्धत शाळा-कॉलेजांत रुजली. गंमत अशी, की उश्शाक मकामाचा दुसरा स्वर पुस्तकात जिथे लिहिला आहे, तिथे चांगले वादक तो वाजवत नाहीत. स्पष्टपणे खाली घेतात. विद्यार्थ्याला लिहिलेलं एक शिकवतात आणि वाजवायचं दुसरं. खरं काय ते जुन्या तबकड्या सांगतात: ह्रांत यांच्या उदाच्या, आणि त्यांच्या आधीच्या पिढीतल्या तंबुरी जमील बे यांच्या. जमील बे १८७३ मध्ये जन्मले, म्हणजे आपल्या खाँसाहेबांचे समवयस्क. १९१६ मध्ये ते गेले. त्यांच्या तक्सिमच्या तबकड्या तुर्की वादक अजूनही धड्यांसारख्या गिरवतात.

आपल्याकडे १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रणांवरून स्वरांची यंत्राने मोजणी केली. त्यांना दिसलं ते असं, की एकाच स्वराची जागा कलावंतागणिक बदलते, आणि एकाच कलावंताच्या एकाच वादनातही ती हलते. बावीस ठरावीक घरांत स्वर बसत नाहीत. देवलांचा आकडा त्यामुळे टिकला नाही. त्यांची पद्धत मात्र बरोबर होती. ग्रंथ बाजूला ठेवून ते एका गळ्याकडे गेले, हे त्या काळात फार मोठं धाडस होतं. खरा दोष काळाचा. कर्ण्याच्या तबकडीवर इतकं बारीक मोजायची साधनं त्यांच्या हाती नव्हती. आज ती मोबाइलवरही मिळतात.

तबकडी मोजताना एक सावधगिरी लागते. ७८ हा आकडा नावापुरता आहे. जुनी ध्वनिमुद्रणं सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत वेगवेगळ्या वेगांनी झाली. ७८ फेऱ्यांची तबकडी ७४ फेऱ्यांनी वाजवली तर सगळं गाणं जवळपास अर्धा स्वर खाली उतरतं. म्हणून ‘खाँसाहेब अमुक पट्टीत गात’ असं नुसत्या तबकडीवरून छातीठोक सांगता येत नाही. स्वरांमधली अंतरं मात्र वेगामुळे बदलत नाहीत. षड्ज खाली गेला तर गंधारही तेवढाच जातो. मधलं भोक किंचित सरकलेलं असेल तर स्वर दर फेरीला हेलकावतो, पण तो हेलकावा ठरावीक तालात येत असल्याने सरावलेल्या कानाला वेगळा ओळखता येतो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत हे सगळं प्रत्यक्ष ऐकायला मिळतं. इथले शिकलगार घराण्यातले कारागीर मुळात हत्यारं घासणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून, कडू जातीचे, मुद्दाम मोठे वाढवून वाळवलेले. भोपळा, तबली, दांडी, खुंट्या हे सारं जुळलं तरी तंबोरा बोलत नाही. शेवटी घोडीचा माथा कानशीने किंचित किंचित घासतात, तारेखाली दोरा सरकवतात, पुन्हा छेडतात. तार घोडीला नुसती टेकली तर आवाज बोथट येतो. योग्य कोनात निसटती घासली की त्यातून स्वरांचा झोत निघतो. ही जवारी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खाँसाहेबांच्या गंधारामागे या गल्लीचा हात आहे, हे ठामपणे म्हणायला हवं. ज्या गावात असे तंबोरे जुळतात त्याच गावात असा कान घडतो.

जुना ठाणे जिल्हा या गोष्टीपासून वाटतो तितका लांब नाही. बीनला भोपळा लागतो तसा तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यालाही लागतो. वाळलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या नळ्या, ताडाच्या पानाचा फुलोरा. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत जव्हार, मोखाडा, डहाणू हा तारप्याचा मुलूख ठाण्यातच होता. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा हे तारपावादनातलं मोठं नाव. तारपा वाजवणारा नाकाने श्वास घेत घेत गालांतली हवा सोडत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही आणि नाचाचा फेर रात्रभर चालतो. हा सूर तीन मिनिटांच्या तबकडीत मावणारा नव्हताच. त्याची स्वरस्थानं पेटीशी जुळत नाहीत, एका तारप्याची दुसऱ्याशी जुळतीलच असंही नाही. करणाऱ्याच्या हाताने आणि भोपळ्याच्या पोटाने ती ठरतात. देवल सांगलीऐवजी जव्हारला असते तर त्यांनी कोणता आकडा काढला असता, हा प्रश्न गंभीरपणे विचारण्यासारखा आहे.

खाँसाहेबांच्या बाबतीत आपण नशीबवान ठरलो, ते कंपन्यांमुळे नाही. तबकड्या लाखेच्या, पडल्या की फुटणाऱ्या. कंपन्यांना खपाशी मतलब. त्या राखल्या संग्राहकांनी. १९९० मध्ये मुंबईत जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची सोसायटी स्थापन झाली. सुरेश चांदवणकर यांनी तिचं काम वर्षानुवर्षं पुढे नेलं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून ‘ओडियन’ आणि मुंबईच्या ‘यंग इंडिया’ या छापांच्या तबकड्यांचं डिजिटल रूपांतर झालं. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने अब्दुल करीम खाँच्या प्रत्येक तबकडीचा माग काढून २००३ मध्ये चरित्रासह सूची छापली. असं काम मराठीत, मराठी माणसाकडून आधीच व्हायला हवं होतं.

मुरबाड, शहापूर, किन्हवली, सरळगाव, म्हसा इकडच्या जुन्या घरांत माळ्यावर चावीचा ग्रामोफोन किंवा तबकड्यांचा गठ्ठा असेल, तर तो भंगारात देऊ नका. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. चिठ्ठी न भिजवता साध्या पाण्याने हलक्या हाताने पुसा आणि पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवा. एलपीच्या बारीक सुईने वाजवू नका, जाड सुई लागते. चिठ्ठीचा आणि तिच्याभोवती कोरलेल्या आकड्यांचा फोटो काढून एखाद्या संग्राहकाकडे पाठवा. आणि गावात तारपा, सनई, संबळ किंवा ढोल वाजवणारे म्हातारे हात असतील, तर सुट्टीत त्यांच्यासमोर मोबाइल ठेवून पूर्ण वादन ध्वनिमुद्रित करा. तीन मिनिटांवर थांबू नका. सुरुवातीला त्यांच्याच आवाजात नाव, गाव, तारीख आणि वाद्य कोणी घडवलं ते बोलून घ्या, आणि त्याची एक प्रत त्यांच्याच घरी ठेवा.